वेदनेची टक्केवारी

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क नियमांत ज्या दुरुस्त्या केल्या, त्यांतील रंगांची तरतूद तेवढी लोकांच्या ध्यानात राहिली. अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी असेल तर पांढरे ओळखपत्र, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असेल तर पिवळे आणि त्याहून अधिक असेल तर निळे. कारकुनाला दुरूनही ओळखता यावे अशी ही सोय आहे आणि सोय म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच दुरुस्त्यांतील आणखी दोन गोष्टींकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्रमाणपत्राचा निर्णय पूर्वी एका महिन्यात व्हावा अशी अपेक्षा होती, ती मुदत तीन महिन्यांवर नेण्यात आली. आणि वैद्यकीय प्राधिकरणाने दोन वर्षांत निर्णयच घेतला नाही, तर अर्ज आपोआप बाद समजावा, अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा किंवा जुना अर्ज जिवंत करून घ्यावा, असेही ठरले. दिरंगाई कचेरीने करायची आणि तिचे प्रायश्चित्त अर्जदाराने घ्यायचे, हा न्याय आपल्या प्रशासनाला नवा नाही. नवे एवढेच, की आता त्याला राजपत्राची मोहोर मिळाली आहे.

ही तरतूद अंध, बधिर किंवा पायाने अधू माणसाला जाचक आहेच. परंतु तिचा खरा फटका बसतो तो ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, जे आज आहे आणि उद्या नाही, परवा पुन्हा दुपटीने आहे, अशा दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांना. अपंगत्व म्हटले की आपल्या मनासमोर कुबडी येते, काळा चष्मा येतो, चाकाची खुर्ची येते. कायद्याच्या मनासमोरही पुष्कळ काळ एवढेच येत असे. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते आणि त्यांत रक्ताच्या आजाराला स्थान नव्हते. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कराराला मान्यता दिली, त्यानंतर नऊ वर्षांनी २०१६ चा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकार आहेत. थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार त्यात आले. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन हे मज्जासंस्थेचे आजारही आले. हे पाऊल मोठे होते, यात शंका नाही. मात्र ज्या मापाने पाय मोजायचा त्याच मापाने रक्त मोजायचे, ही जुनी सवय त्यामुळे सुटली नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ दर्शन सिकलसेलच्या रुग्णात घडते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि इकडे नंदुरबार, धुळे या टापूत, विशेषतः आदिवासी आणि दलित वस्त्यांत, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक. तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथे अडकतील तिथे रक्त पोहोचत नाही. मग हाडांत, पाठीत, छातीत अशी कळ उठते की धडधाकट गडीही जमिनीवर लोळतो. थंडी पडली, पाणी कमी प्यायले गेले, उन्हात अंगमेहनत झाली, ताप आला, की कळ उठण्याचा धोका असतोच. कधी चार दिवसांत ओसरते, कधी पंधरा दिवस घेते. दोन कळांच्या मधल्या काळात हाच माणूस चालतो, बोलतो, बाजाराला जातो. हिमोग्लोबिन मात्र बारमाही खालावलेलेच असते, दम लवकर लागतो, आणि पुढची कळ केव्हा येईल हे त्याला किंवा डॉक्टरांना सांगता येत नाही.

आता असा एखादा तरुण जिल्हा रुग्णालयाच्या अपंगत्व मंडळापुढे उभा राहतो. मंडळाचा वार ठरलेला असतो; त्याच्या कळेचा वार ठरलेला नसतो. कळ उठली असेल तर तो येऊ शकत नाही, आणि आला याचा अर्थच कळ उठलेली नाही. म्हणजे मंडळासमोर हजर राहण्याची क्षमता हाच त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा ठरतो. पाय तुटलेल्या माणसाचा पाय सोमवारी तुटलेला आणि बुधवारी धड असे होत नाही, म्हणून एका दिवसाच्या तपासणीत त्याच्यावर अन्याय होण्याचा संभव कमी. दीर्घ आजाराच्या माणसाची एका दिवसाची तपासणी म्हणजे आषाढातल्या एका उघडिपीच्या दुपारी आकाश पाहून यंदा पाऊस नाही असा निष्कर्ष काढण्यासारखे आहे. डॉक्टर मंडळींना हे कळत नाही असे नव्हे. परंतु त्यांच्या हाती जो कोष्टकांचा कागद आहे त्यावर त्यांना एक आकडा लिहायचा असतो, आणि आकडा लिहिला की त्याखाली सही करायची असते.

या आकड्याचे राजकारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. ('टक्केवारी' या शब्दाला मराठीत जो दुसरा अर्थ चिकटला आहे, तो येथे अभिप्रेत नाही, काही कचेऱ्यांत तोही लागू पडतो, ही गोष्ट वेगळी.) २०१६ च्या कायद्यात अपंग व्यक्तीच्या दोन व्याख्या आहेत. एक उदार आहे: शरीराचे किंवा मनाचे दीर्घकाळचे न्यून आणि समाजातील अडथळे यांच्या गाठीमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, ती व्यक्ती अपंग. हिच्यात कोठेही टक्के नाहीत. दुसरी व्याख्या हिशेबी आहे: परिशिष्टातील अपंगत्व किमान चाळीस टक्के असल्याचे ज्याला प्रमाणित करून मिळाले, तो 'लक्षणीय' अपंग. हक्कांची भाषा पहिल्या व्याख्येत आणि पैशांची वाटणी दुसऱ्या व्याख्येत, अशी ही विभागणी आहे. सवलत, आरक्षण, अनुदान, ग्रामपंचायत आणि नगरपालिका आपल्या उत्पन्नाचा जो पाच टक्के भाग अपंगांसाठी राखून ठेवतात त्यातील वाटा, या साऱ्यांच्या दारात चाळीसचा उंबरठा आहे. एकोणचाळीसवाल्याला पांढरे ओळखपत्र मिळते. ते पांढरे आहे हे खरे, आणि बहुतेक दारांवर ते कोरेही आहे.

सिकलसेलच्या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी एका वर्षाची होती. जन्मभर न सुटणाऱ्या, आईबापांकडून रक्तातच आलेल्या आजाराने दर वर्षी नव्याने आपले अस्तित्व सिद्ध करावे, अशी ही व्यवस्था होती. मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी पाच वर्षांवरील आणि किमान पंचवीस टक्के अपंगत्व असलेल्या रुग्णांसाठी ती मुदत तीन वर्षांची केली. सुधारणा स्वागतार्ह आहे, तरी तिच्यातले दोन्ही आकडे पुन्हा वाचावेत. तीन वर्षांनी काय बदलणार असते? जनुक बदलत नाही. आणि पंचवीस टक्क्यांचे प्रमाणपत्र हाती आले, तरी चाळीसच्या उंबरठ्यावर त्याचे मोल काय? रुग्ण आहेस हे मान्य, पण पुरेसा नाहीस, असे सांगणारा हा कागद आहे.

पुरेसा कधी होशील, याचेही उत्तर या पद्धतीत दडलेले आहे आणि ते मन विषण्ण करणारे आहे. सिकलसेलमध्ये वारंवार रक्तपुरवठा तुटल्याने मांडीच्या हाडाचा खुब्यातील गोळा हळूहळू मरतो. तो पुरता निकामी झाला, माणूस लंगडू लागला, की क्ष-किरणाच्या चित्रात दिसणारे आणि कोनमापकाने मोजता येणारे अपंगत्व निर्माण होते. मग टक्के वाढण्याची वाट मोकळी होते. म्हणजे मदत मिळाली असती तर कदाचित जे टळले असते, ते घडून गेल्यावर मदतीचा मार्ग खुला होतो. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नेमाने घेतल्या, पोटभर खायला मिळाले, थंडीत अंगावर पांघरूण असले आणि उन्हातान्हात ओझी उचलावी लागली नाहीत, तर कळांची संख्या घटते हे वैद्यकाला पुरते ठाऊक आहे. ही चारही कामे पैशाची आहेत. शिवाय औषधाने बरे वाटू लागले की पुढच्या तपासणीत टक्के घटतील, ही धास्ती रुग्णाच्या मनात घर करून राहते. जी व्यवस्था आपल्या आश्रिताला बरे वाटण्याचीच भीती घालते, तिला कल्याणकारी म्हणावे की काय, याचा विचार मंत्रालयातील विद्वानांनी करावा.

नोकरीच्या बाबतीत तर कायद्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले आहे. उच्च शिक्षणातील पाच टक्के जागा सर्व लक्षणीय अपंगांना खुल्या आहेत. थॅलसेमियाचा किंवा सिकलसेलचा विद्यार्थी त्यांवर प्रवेश घेऊ शकतो. पण तोच विद्यार्थी पदवी घेऊन सरकारी नोकरीच्या दारात आला, की कलम ३४ त्याला अडवते. चार टक्के नोकऱ्या ज्या गटांत वाटल्या आहेत त्यांत दृष्टी आहे, श्रवण आहे, हालचाल आहे, बौद्धिक आणि मानसिक अपंगत्व आहे. रक्ताच्या आजारांना गट नाही, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांनाही नाही. शिकण्याइतका तू अपंग आहेस, कमावण्याइतका नाहीस, असा हा निवाडा झाला. अंगमेहनतीची कामे ज्याला वर्ज्य आहेत, त्यालाच बसून करण्याच्या कामाची सर्वाधिक गरज असते, हे समजायला आयोग नेमण्याची आवश्यकता नव्हती.

परिशिष्टात जे आले त्यांची ही कथा, तर जे आलेच नाहीत त्यांच्याविषयी काय बोलावे? मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जखडला गेलेला माणूस या कायद्याच्या यादीत नाही. प्रत्येक खेपेला चार-चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ आणि घरी आल्यावरचा थकवा. असा माणूस कोणती नोकरी टिकवू शकेल? अपस्मार यादीत स्वतंत्रपणे नाही, हृदयाचा जुनाट विकार नाही, ल्युपस नाही. येथे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची आठवण होते. एस.टी.च्या सवलतींच्या यादीत सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांबरोबर डायलिसिसचे रुग्ण आणि एच.आय.व्ही. बाधितही आहेत. उपचारासाठी त्यांना पुन्हापुन्हा प्रवास करावा लागतो, एवढी साधी गोष्ट लाल डब्याच्या धन्याला उमगली. शरीराचे किती टक्के निकामी झाले आहेत हे त्याने विचारले नाही. या माणसाच्या आयुष्यात या आजाराने काय वाढून ठेवले आहे, एवढेच पाहिले. संसदेने केलेल्या कायद्याला जे जमले नाही ते एका वाहतूक महामंडळाला जमावे, यात महामंडळाचे कौतुक आहेच.

राज्य सरकारच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा पायाही मुळात असाच समंजस होता. १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली. तिच्या लाभार्थींत अपंग आहेत, विधवा आहेत, अनाथ मुले आहेत. आणि क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे ज्यांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही असे स्त्री-पुरुषही आहेत. 'चरितार्थ चालवता येत नाही' ही कसोटी टक्क्यांच्या कसोटीहून कितीतरी शहाणी आहे. दुर्दैवाने शहाणपण तेथेच संपते. २०२३ साली या योजनेचे अनुदान महिना दीड हजार रुपये झाले. ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी ते अडीच हजार करण्यात आले. म्हणजे आजारी माणसाला दीड हजार आणि प्रमाणित अपंगाला अडीच हजार. या दोघांच्या घरातील तांदळाचा भाव वेगळा आहे असे समजण्यास काही आधार नाही. सिकलसेलचा जो रुग्ण चाळीसच्या अलीकडे राहिला, त्याने यांपैकी कोणत्या रांगेत उभे राहायचे, हे तहसील कचेरीतील ज्या टेबलावर तो जाईल त्या टेबलावर अवलंबून असते.

उत्पन्नाची मर्यादा हा तर स्वतंत्र विनोद आहे. साऱ्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवे, ही अट वर्षानुवर्षे चालत आली. अपंगांसाठी ती पन्नास हजार करण्यात आली. एकवीस हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातील एकाच माणसाने वर्षात अडुसष्ट दिवस खडी फोडली की ते घर सरकारच्या लेखी निराधार राहत नाही. तेव्हा दाखला मिळवायचा तर तलाठ्यापुढे खोटे बोलावे लागते. अर्जदार खोटे बोलतो, तलाठी ते खरे मानून लिहितो, तहसीलदार त्यावर सही करतो, आणि कोणालाच आपण काही वावगे केले असे वाटत नाही. प्रामाणिक माणसाला तेवढा दाखला मिळत नाही.

केंद्राच्या वाट्याविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजनेत केंद्र सरकार महिना तीनशे रुपये देते. २०१२ साली हा आकडा ठरला. त्यासाठी दारिद्र्यरेषेखाली असावे लागते आणि अपंगत्व किमान ऐंशी टक्के लागते. सिकलसेलच्या रुग्णाला ऐंशी टक्के गाठायचे तर त्याची काय अवस्था व्हावी लागेल, याची कल्पना न केलेली बरी.

या सगळ्या कागदांचा प्रवास कोठून कोठे होतो, हेही पाहिले पाहिजे, कारण मुंबईच्या फायलीत तो दिसत नाही. भामरागड किंवा सिरोंचा तालुक्यातून गडचिरोलीला यायचे म्हणजे दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ऑनलाइन अर्ज भरायला महा ई-सेवा केंद्र, उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठी, पंधरा वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्याला पुन्हा तोच, तपासणीला जिल्हा रुग्णालय, तेथे त्या दिवशी संबंधित तज्ज्ञ नसला तर पुढची तारीख. बरोबर कोणी तरी हवेच, कारण वाटेत कळ उठली तर? म्हणजे दोघांचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी. सवलत मिळण्याआधीच्या प्रवासाला सवलत नसते. अनुदान मंजूर झाले तरी दर वर्षी जानेवारी ते मार्च या काळात हयातीचा दाखला द्यावा लागतो. धडधाकट माणसाला हे हेलपाटे कंटाळवाणे वाटतील. सिकलसेलच्या रुग्णाला ते वैद्यकीयदृष्ट्या वर्ज्य आहेत. ऊन, तहान, थकवा, जागरण या ज्या गोष्टी डॉक्टर टाळायला सांगतात, त्या सगळ्या या एका अर्जात एकत्र आलेल्या आहेत.

यावर सरकारी बाजूने जे उत्तर येते ते पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. कसोटी सैल केली तर खोट्या प्रमाणपत्रांचा सुळसुळाट होईल, असे सांगितले जाते. तो होत नाही असे कोण म्हणेल? २०२४ च्या उन्हाळ्यानंतर महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून केवढे वादळ उठले, हे सर्वांनी पाहिले. परंतु त्या वादळाचा बोध काय घेतला गेला? ज्यांच्यापाशी ओळखीपाळखी आहेत, वकील आहेत, पैसा आहे, त्यांना कोणतीही कसोटी अडवू शकत नाही. कसोटी कडक केली की अडकतो तो ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही असा माणूस. त्यातही दिसणाऱ्या व्यंगावर कोणी संशय घेत नाही. संशयाचा सारा भार न दिसणाऱ्या आजारावर पडतो. 'दिसायला तर चांगला आहे' हे वाक्य ज्याने मंडळाच्या दारात, बसच्या राखीव आसनापाशी आणि भावकीतही ऐकले नाही असा दीर्घ आजाराचा रुग्ण मिळणे कठीण.

वस्तुतः येणाऱ्या-जाणाऱ्या आजाराचे मोजमाप करताच येत नाही, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाची ख्याती काही दयाळूपणाची नाही. तेथे बहुसंख्य अर्ज पहिल्या फेरीत फेटाळले जातात आणि अपिलांत वर्षे जातात. तरी त्यांनी सिकलसेलसारख्या आजारांसाठी जी कसोटी लिहिली आहे ती काळाच्या पट्टीवर लिहिलेली आहे. शिरेतून किंवा स्नायूतून तीव्र वेदनाशामक द्यावे लागेल अशी कळ बारा महिन्यांत किमान सहा वेळा, दोन कळांत किमान तीस दिवसांचे अंतर. किंवा गुंतागुंतीमुळे वर्षात तीनदा, प्रत्येकी किमान अठ्ठेचाळीस तास रुग्णालयात राहावे लागणे. किंवा हिमोग्लोबिन वर्षात तीनदा सातवर अथवा त्याखाली. यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते. ब्रिटनमध्ये २०१३ पासून जे वैयक्तिक साहाय्य वेतन दिले जाते, त्यातला दंडक निराळा आणि अधिक मार्मिक आहे. एखादे काम माणसाला करता येते का, असे तेथील नियम नुसते विचारत नाहीत. ते सुरक्षितपणे, नीट, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळात करता येते का, असे विचारतात. आणि अडचण वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस असली की ती धरली जाते. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या खासगी कंपन्यांविषयी तेथील रुग्णांच्या तक्रारी भरपूर आहेत, न्यायाधिकरणात जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या बाजूने निकाल लागतो, आणि २०२५ च्या जुलैत हे वेतन आखडते घेण्याचा सरकारचा बेत स्वपक्षीय खासदारांनीच हाणून पाडला. म्हणजे तेथेही नंदनवन नाही. पण प्रश्न तरी बरोबर विचारला जातो.

आपल्याकडे योग्य प्रश्न विचारला गेला तो न्यायालयात. लिहिताना हात आखडण्याचा मज्जाविकार असलेल्या एका परीक्षार्थीला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, कारण त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांचे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच्या बाजूने निर्णय देताना, चाळीस टक्क्यांची अट जेथे कायद्याने घातली आहे तेथपुरतीच आहे, माणसाला वाजवी सोय करून देण्याच्या कर्तव्याला ती लागू नाही, असे स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उलट बाजूने तेच सांगितले: टक्के जास्त आहेत एवढ्यावरून विद्यार्थ्याला अपात्र ठरवू नका, तो प्रत्यक्ष काय करू शकतो ते तपासा. दोन्ही निकालांत आकड्याच्या मागे असलेला माणूस पाहा, असा आदेश आहे. तो अनुदानाच्या कचेरीपर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

पोहोचवायचा तर त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. २०१६ च्या कायद्याच्या परिशिष्टात आणखी प्रकार अधिसूचनेने घालण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. डायलिसिसवरील रुग्णांसाठी तो वापरायला संसदेचे अधिवेशन लागत नाही. राज्यापुरते पाहिले तर डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्याचा गाजावाजाही केला. निराधार योजनेतील उत्पन्नमर्यादा आणि आजारी व अपंग यांच्यातला हजार रुपयांचा फरक, या दोन्ही गोष्टी राज्याच्या अखत्यारीतल्या आहेत.

पुराव्याचा प्रश्न उरतो, आणि त्याचे साधन तर सरकारपाशी तयार आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ केला. चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवावा, असे त्याचे उद्दिष्ट. त्या तपासणीत ज्याला रोग आढळतो त्याला तसे कार्ड मिळते. म्हणजे आरोग्य खाते गावात जाऊन, रक्त काढून, तुला सिकलसेल आहे असे त्याला लेखी कळवते. आणि तोच माणूस अनुदान मागू लागला की दुसरे खाते त्याला दीडशे किलोमीटरवर बोलावून, तुला खरेच काही होते काय, असे विचारते. कळ उठते तेव्हा रुग्ण जिल्ह्याला जात नाही. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, उपकेंद्रात जातो, किंवा घरीच पडून असतो आणि आशा कार्यकर्ती गोळ्या आणून देते. या नोंदी कोठेतरी वहीत असतात, पुष्कळदा नसतातही. अभियानाच्या कार्डामागे किंवा त्याच्या संगणकीय नोंदीत प्रत्येक कळेची तारीख, दिलेले इंजेक्शन, चढवलेले रक्त आणि खाटेवर काढलेले दिवस लिहिण्याची सक्ती प्राथमिक केंद्रावर केली, आणि मंडळाने एका दिवसाच्या तपासणीऐवजी गेल्या बारा महिन्यांची ती नोंद पाहून निर्णय द्यावा असे ठरवले, तर रुग्णाला गडचिरोलीची एकही फेरी न करता प्रमाणपत्र मिळू शकेल. त्यासाठी केंद्रातील परिचारिकेला वर्षातून काही ओळी जास्त लिहाव्या लागतील. या पावसाळ्याआधी भामरागड, धानोरा आणि अक्कलकुवा या तीन तालुक्यांत तरी हे करून पाहण्यास आरोग्य आणि दिव्यांग कल्याण या दोन खात्यांच्या सचिवांनी एकत्र बसण्याखेरीज आणखी कोणती अडचण आहे, ते शासनाने सांगावे.